आधी स्वतःचं घर सोडायचं

ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या, विशेषतः दक्षिणेकडच्या, अनेक विद्यापीठांत वर्ग भरण्याआधीच सोरॉरिटींची, म्हणजे विद्यार्थिनींच्या सदस्य-संघटनांची, भरती सुरू होते. अशा एकेका सोरॉरिटीला तिथे ‘घर’ही म्हणतात. त्या गर्दीत पाठीवर सॅक घेतलेल्या काही मुली सतत इकडून तिकडे जाताना दिसतात. सॅकमध्ये पाणी, टिश्यू, टाच सोलली तर लावायला बँडेड. या रिक्रूटमेंट काउन्सेलर, भरतीत नव्या मुलींना सोबत करणाऱ्या. त्याही कुठल्या ना कुठल्या सोरॉरिटीच्या सदस्य असतात, पण बऱ्याच ठिकाणी भरतीपुरतं ते नातं झाकून ठेवतात. आपल्या सोरॉरिटीच्या नावाची ग्रीक अक्षरं असलेले कपडे घालायचे नाहीत, तिचे फोटो समाजमाध्यमांवर दिसू द्यायचे नाहीत, ‘तू कुठली?’ या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नाही. एवढं कडक पथ्य आलं कुठून?

मुळात या संस्था निघाल्या त्या एकमेकींच्या आधारासाठी. मुलांच्या फ्रॅटर्निटी मुलींना घेत नसत आणि कॉलेजात मुली मोजक्याच. १८६७ मध्ये इलिनॉयमधल्या मॉनमथ कॉलेजात पाय बीटा फाय सुरू झाली, १८७० मध्ये इंडियानातल्या ग्रीनकासलला कापा अल्फा थीटा. सोरॉरिटी हा शब्द नंतरचा. सिराक्यूजच्या गॅमा फाय बीटासाठी लॅटिनचे प्राध्यापक फ्रँक स्मॉली यांनी तो सुचवला.

संस्था वाढल्या तशी ओढाताण वाढली. नव्या मुलीला दुसरीकडे जाऊ देण्याआधी गाठायचं, म्हणून या धावपळीला नावच पडलं ‘रश’. कॉलेजात नाव दाखल होण्यापूर्वीच मुलींकडून शब्द घेतला जाई. सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला विचार करायला सवडच मिळत नसे, आणि माझ्या मते यातली खरी इजा हीच होती. १८९१ मध्ये कापा कापा गॅमाच्या पुढाकाराने बॉस्टनला एक बैठक झाली. टिकाऊ संघटना मात्र २४ मे १९०२ रोजी शिकागोत सात संस्थांनी उभी केली. तीच आजची नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्स. तिच्यात आता २६ संस्था आहेत. प्रवेशाआधी कुणाकडूनही शब्द घ्यायचा नाही, हा तिच्या अगदी सुरुवातीच्या नियमांपैकी एक.

पुढे नियमांची भर पडतच गेली, पण नियम संस्थांना आवरतात, मुलीला सोबत करत नाहीत. तिच्याशी बोलणारी प्रत्येक जण कुणाची तरी बाजू घेऊनच बोलायची. म्हणून बाजू न घेणारी एक मोठी मुलगी मध्ये आली, ती रश काउन्सेलर. याच शब्दांवरून ग्रीक अक्षरांत ‘रो काय’ हे नाव रुळलं. ‘रश’ जाऊन ‘रिक्रूटमेंट’ आलं तेव्हा बऱ्याच ठिकाणी तिची रो गॅमा झाली.

तिच्या हाताबाहेरचंही बरंच असतं. कृष्णवर्णीय मुलींना गोऱ्यांच्या सोरॉरिटींची दारं बंद होती. त्यांची अल्फा कापा अल्फा १९०८ मध्ये हॉवर्ड विद्यापीठात निघाली. दक्षिण आशियाई वंशाच्या मुलींनीही १९९८ मध्ये ह्यूस्टनला डेल्टा फाय ओमेगा आणि ऑस्टिनला कापा फाय गॅमा अशा आपल्या संस्था काढल्या. सप्टेंबर २०१३ मध्ये अलाबामा विद्यापीठाच्या ‘द क्रिमझन व्हाइट’ या विद्यार्थी वृत्तपत्राने छापलं, की एका कृष्णवर्णीय मुलीला सदस्यांना घ्यायचं असूनही माजी सदस्यांनी अडवलं. त्यानंतर विद्यापीठाने सोरॉरिटींना पुन्हा निवड करायला लावली. बंद खोलीत काय ठरतं ते काउन्सेलरला कळत नाही. ती दाराबाहेर असते.

पण दाराबाहेरच तिची सर्वात जास्त गरज असते. भरतीच्या प्रत्येक फेरीनंतर मुलगी आणि सोरॉरिटी अशा दोन्ही बाजूंची पसंती जुळवून मुलीला नवी यादी मिळते. काल जिथे मनापासून हसली ते घर आज यादीत नाही. अशा वेळी चांगली काउन्सेलर ‘जाऊ दे, ते घर तसलंच आहे’ असं म्हणत नाही. ती तिला बाजूला घेते, रडू देते आणि मग विचारते, ‘उरलेल्यांपैकी कुठे तुला मोकळं वाटलं?’ एकही घर उरलं नसेल, तर अनेक ठिकाणी ते कळवणारा फोन काउन्सेलरलाच करावा लागतो.

शेवटच्या फेरीनंतर करारावर सही होते. त्यात लिहिलेल्या संस्थेकडून बोलावणं आलं आणि नाकारलं, तर पुढच्या मुख्य भरतीपर्यंत त्या विद्यापीठात कॉन्फरन्सच्या दुसऱ्या कुठल्याही सोरॉरिटीत जाता येत नाही. दुसरं किंवा तिसरं नाव लिहायचं की नाही, इथे मुलीचा हात थांबतो. बहुतेकदा काउन्सेलरचं स्वतःचं घरही त्याच यादीत असतं. ती त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. अट पुन्हा एकदा वाचून दाखवते आणि शेजारी बसून राहते.