खोल सुरकुती आणि सैल पडलेली पेशी

‘कोलॅजन क्रीम लावा, सुरकुत्या भरून निघतील’ ही जाहिरात आता मोबाइलवरून थेट खेड्यात पोचली आहे. कोलॅजन म्हणजे त्वचेला घट्ट धरणारं प्रथिन. त्याच्या एका रेणूचं वजन सुमारे ३ लाख डाल्टन (रेणूंचं वजन मोजायचं एकक) असतं. धडधाकट त्वचेतून साधारण ५०० डाल्टनपेक्षा मोठा रेणू सहसा आत शिरत नाही. क्रीम वरच राहतं, ओलावा धरतं, बारीक रेषा काही तास कमी दिसतात. दुधाची सायही तेवढंच करते, आणि ती घरची असते.

चेहऱ्यावरची बाह्यत्वचा जेमतेम ०.१ मिलिमीटर जाडीची. खोल सुरकुती तिच्याखालच्या अंतस्त्वचेत तयार होते. पाणी वगळलं तर या थराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कोलॅजनच्या तंतूंचा. हे तंतू बनवणारी पेशी म्हणजे फायब्रोब्लास्ट. ती तंतूंनाच धरून ताणलेली असते, आणि ताणलेली असते तोवरच नीट काम करते.

वावरात काम करताना सूर्याचे अतिनील किरण या थरापर्यंत जातात. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातल्या गॅरी फिशर आणि जॉन वूरहीस यांच्या गटाने १९९६ साली दाखवलं, की त्वचा लाल होण्याइतकंही ऊन लागत नाही. त्याहून बऱ्याच कमी मात्रेत पेशीतलं एपी-१ नावाचं प्रथिन जागं होतं. ते एमएमपी-१ हे कोलॅजन कापणारं विकर वाढवतं आणि नव्या कोलॅजनची निर्मितीही दाबतं. बिडी-सिगारेटच्या धुरानेही एमएमपी-१ वाढतं. त्वचेतलं निम्मं कोलॅजन बदलायला सुमारे १५ वर्षं लागतात, त्यामुळे कापलेल्याची भरपाई फार सावकाश होते. खरी गोम पुढे आहे. बाजेची सुतळी चार ठिकाणी तुटली की उरलेलीही सैल पडते, तसं तंतू तुटले की फायब्रोब्लास्टचा ताण जातो. पेशी आक्रसते. आक्रसलेली पेशी कोलॅजन कमी आणि एमएमपी-१ जास्त बनवते. म्हणजे आणखी तंतू तुटतात, ताण आणखी कमी होतो. ऊन थांबलं तरी हे चक्र चालूच राहतं.

उपचार निवडण्याआधी आरशासमोर कपाळाला आठ्या घाला आणि सोडा. आठी सोडल्यावर रेषा गेली तर दोष स्नायूच्या ओढीचा. राहिली, तर अंतस्त्वचा खचली आहे.

स्नायूच्या रेषेवर बोटुलिनम टॉक्सिनचं (बोटॉक्सचं) इंजेक्शन. ते स्नायूला आकुंचनाचा निरोपच पोचू देत नाही. भुवयांमधल्या आठीसाठी सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या ब्रँडचं ठरलेलं प्रमाण २० युनिट, पाच जागी चार-चार. परिणाम तीन-चार दिवसांत सुरू, दोन आठवड्यांत पूर्ण, तीन-चार महिन्यांत संपतो. सुई भुवईच्या हाडाच्या फार जवळ गेली तर पापणी काही आठवडे लोंबते. बाटली २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात पिशवीतून आणलेलं इंजेक्शन पार्लरमध्ये टोचून घेऊ नये.

खचलेल्या रेषेसाठी ट्रेटिनॉइन हे ‘अ’ जीवनसत्त्वाच्या जातीचं मलम, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. हे एपी-१ लाच अडवतं. ०.०२५ टक्क्यांपासून सुरुवात. रात्री चेहरा धुऊन २०-३० मिनिटं पूर्ण कोरडा झाल्यावर, मटाराच्या दाण्याएवढं सगळ्या चेहऱ्याला. पहिले दोन-तीन आठवडे दर तिसऱ्या रात्री. डोळ्यांचे, नाकाचे, ओठांचे कोपरे सोडा. सालपटं निघतात, घाबरून लोक इथेच बंद करतात. फरक दिसायला तीन ते सहा महिने लागतात, तोही बारीक रेषांत जास्त. गरोदरपणात वापरायचं नाही. मेडिकलवाला चिठ्ठीविना गोरेपणाची ट्यूब देतो, तिच्यावर मोमेटासोन, बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल लिहिलेलं असेल तर ते स्टेरॉइड आहे. आठ दिवस चेहरा उजळतो, पुढे त्वचा पातळ होते.

उन्हात जाताना सनस्क्रीन कमीत कमी एसपीएफ ३०, चेहरा-मानेला दोन बोटांवर मावेल इतकं, दर दोन तासांनी. पऱ्हाटी वेचताना घामात ते टिकत नाही. दाट विणीचा गडद, कोरडा दुपट्टा जास्त भरवशाचा. पांढरं पातळ कापड भिजलं की अतिनील किरण आणखी आत सोडतं.

नाकापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंतच्या खोल घडीला हायल्युरॉनिक आम्लाचं फिलर, म्हणजे त्वचेत टोचायची जेल. खड्डा भरणं हे त्याचं उघड काम. पण २००७ साली त्याच मिशिगन गटाने पाहिलं, की उन्हाने जीर्ण झालेल्या त्वचेत भरलेलं फिलर भोवतालच्या फायब्रोब्लास्टला पुन्हा ताणतं आणि त्या पेशी नवं कोलॅजन बनवू लागतात! धोका मात्र मोठा: या घडीजवळूनच चेहऱ्याची मुख्य धमनी जाते. फिलर तिच्यात गेलं तर त्वचा पांढरीफटक पडते, मग जाळीसारखे डाग, तीव्र वेदना. क्वचित दृष्टीही जाते. हायल्युरॉनिडेज हे उताऱ्याचं इंजेक्शन त्याच खोलीत आहे का, हे आधी विचारा. नसेल तर उठून या.

कार्बन डायऑक्साइड लेझर त्वचेत बारीक भाजलेल्या ठिपक्यांच्या रांगा पाडून भरून येण्याच्या प्रक्रियेतून कोलॅजन वाढवतं. आपल्या सावळ्या त्वचेत त्यानंतर काळे डाग पडण्याची शक्यता बरीच. म्हणून मात्रा कमी ठेवतात आणि त्यानंतर किमान महिनाभर ऊन वर्ज्य. वेचणीला रोज जावं लागत असेल तर लेझरची तारीख हंगाम संपल्यावरच घ्यावी, तीही मार्चचं ऊन तापण्याआधी.