रक्तदाब मोजण्याच्या पद्धती आणि हृदयविकाराचा अंदाज

बीपी मोजायच्या मुख्य पद्धती तीन: दवाखान्यात, घरी, आणि 24 तास दंडाला पट्टा बांधून (अँब्युलेटरी, काही लोक याला बीपीचं होल्टर म्हणतात, होल्टर खरं तर ईसीजीचं). माणूस एकच असला तरी तिन्हीचे आकडे जुळत नाहीत, आणि पुढे हार्ट अटॅक किंवा लकवा कुणाला होईल हे कुठल्या आकड्यावरून जास्त बरोबर कळतं हा या नोंदीचा विषय.

दंडाला पट्टा बांधून पारा चढवायची युक्ती इटलीतल्या रिव्हा-रोच्चीची, 1896 ची. त्याचा पट्टा अरुंद, साधारण 5 सेंमीचा, म्हणून आकडे फुगून यायचे. रुंद पट्टा 1901 च्या सुमारास जर्मनीत फॉन रेकलिंगहाउझेनने आणला. रिव्हा-रोच्ची नाडी बोटाने चाचपायचा, म्हणजे फक्त वरचं बीपी कळायचं. खालचं ऐकून काढायची पद्धत निकोलाय कोरोत्कोव्ह या रशियन सर्जनने 1905 मध्ये सेंट पीटर्सबर्गला मांडली, तीही जेमतेम पानभर टिपणात. पट्टा सैल करताना धमनीतून ऐकू येणारे हे आवाज कशामुळे होतात यावर अजून पूर्ण एकमत नाही, काहींच्या मते रक्ताची खळबळ, काहींच्या मते दबलेली धमनी झटक्यात उघडते तिचा तो आवाज. दुसरं मत जास्त पटण्यासारखं आहे. याहून मोठा घोळ खालच्या आकड्याचा. आवाज दबका होतो तो क्षण (आवाजांचा चौथा टप्पा) धरायचा की पूर्ण थांबतो तो (पाचवा)? विसाव्या शतकात अमेरिकन शिफारशी यावर एकदा इकडे एकदा तिकडे झाल्या, शेवटी पाचवा टिकला, गरोदर बायकांसाठी मात्र बराच काळ चौथाच चालला. डिजिटल मशीन तर काही ऐकतच नाही, पट्ट्यातली थरथर मोजतं, ती सगळ्यात जास्त असते तिथे सरासरी दाब धरतं आणि वरचं-खालचं कंपनीच्या फॉर्म्युल्याने काढतं, जो कंपन्या सहसा उघड करत नाहीत.

अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात 1948 पासून चाललेल्या हृदयविकाराच्या अभ्यासाचं धोक्याचं सगळं गणित दवाखान्यातल्या बीपीवर उभं आहे. त्याला पहिला धक्का सॅन फ्रान्सिस्कोत मॉरिस सोकोलोव्हच्या गटाने 1960 च्या दशकात दिला, पेशंट दिवसभर मशीन बाळगायचे आणि पट्टा स्वतःच फुगवायचे. 1988 मध्ये न्यूयॉर्कच्या थॉमस पिकरिंगच्या गटाने दाखवलं की सौम्य हाय बीपी म्हणून नोंदलेल्या, गोळ्या न घेणाऱ्या लोकांपैकी 21% जणांचं बीपी डॉक्टरांपासून लांब गेलं की नॉर्मल असतं (याला 'व्हाइट कोट' म्हणतात, डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटावरून). उलटा प्रकार, म्हणजे दवाखान्यात नॉर्मल आणि बाहेर जास्त, त्याला 'मास्क्ड' हे नाव 2002 चं, आणि हाच जास्त घातक, कारण तो कुणाच्या लक्षातच येत नाही.

जपानमधल्या ओहासामा गावातला अभ्यास 1980 च्या दशकाच्या शेवटी सुरू झाला. घरी मोजलेलं बीपी मृत्यूचा अंदाज तपासणी शिबिरातल्या बीपीपेक्षा चांगला देतं हे तिथून 1998 मध्ये पुढे आलं. 2002 मध्ये त्याच गावातून आणखी एक गोष्ट कळली: रात्री बीपी जेवढं उतरायला हवं तेवढं उतरलं नाही तर, दर 5% कमी उतरण्यामागे हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजाराने मरण्याचा धोका साधारण 20% वाढतो. 2023 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेला स्पेनचा अभ्यास सुमारे 59 हजार लोकांचा. त्यात 24 तासांचा आकडा हिशोबात धरला की दवाखान्यातल्या वरच्या आकड्याला स्वतःचं असं जवळपास काही सांगायचं उरत नाही, आणि सगळ्यात बोलका रात्रीचा. नुसत्या व्हाइट कोटमध्ये मृत्यूचा जादा धोका दिसला नाही, काही जुन्या अभ्यासांत थोडा दिसतो.

हाय बीपी कधी म्हणायचं याच्या सीमा पद्धतीप्रमाणे वेगवेगळ्या आहेत, दवाखान्यात 140/90, घरी 135/85, 24 तासांची सरासरी 130/80, रात्री 120/70 (अमेरिकेत 2017 पासून दवाखान्याची 130/80). ब्रिटनने 2011 मध्ये निदान पक्कं करायला अँब्युलेटरीला पहिली पसंती दिली. 2015 च्या स्प्रिंट या अमेरिकन औषधोपचार चाचणीत वरचं बीपी 120 च्या खाली आणायचं लक्ष्य ठेवलं होतं, पण बीपी बऱ्याच ठिकाणी पेशंटला खोलीत एकटं बसवून मशीनने घेतलेलं, त्यामुळे तो 120 आपल्या ओपीडीतल्या 120 शी जुळवणं चूक ठरेल.

अँब्युलेटरीची अडचण साधी आहे, पट्टा रात्रीही दर 20-30 मिनिटांनी आवळतो, झोपमोड होते आणि जो रात्रीचा आकडा हवा तोच थोडा बिघडतो. पट्टा नसलेल्या घड्याळांवर निदान करू नका असं युरोपियन हायपरटेन्शन सोसायटीने 2022 मध्ये सांगितलंय.