कचऱ्याच्या ढिगाला ताप का येतो?

शाळेच्या इको क्लबचा वार्षिक अहवाल उघडला की बहुधा रोपं लावतानाचे फोटो, घोषणांचे फलक आणि ‘टाकाऊतून टिकाऊ’चं प्रदर्शन दिसतं. यात वाईट काही नाही, पण विज्ञानही फारसं नाही. आवाराच्या कोपऱ्यातला कंपोस्टचा ढीग मात्र ‘कचरा सडवून खत तयार केले’ एवढ्या एका ओळीत उरकलेला असतो. सडवून? ढीग सडला असेल तर तो फसला म्हणायचा. चांगला ढीग सडत नाही, तापतो.

साधारण एक मीटर लांब, रुंद आणि उंच ढिगाच्या पोटात लांब दांड्याचा थर्मामीटर खुपसून पाहा. सगळं जमून आलं असेल तर काही दिवसांतच तो ५५ ते ६० अंश सेल्सिअस दाखवतो. ढीग सावलीत असला तरीही. ही उष्णता येते जिवाणूंच्या श्वसनातून. कर्बयुक्त पदार्थ अधिक ऑक्सिजन, त्यातून कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि ऊर्जा, हे शाळेतलंच समीकरण. ऊर्जेचा काही भाग जिवाणू स्वतःच्या वाढीसाठी वापरतात, बाकीची उष्णता होऊन निसटते.

आता माझा आवडता भाग: कर्ब-नत्र (कार्बन-नायट्रोजन) गुणोत्तर. कंपोस्टवरच्या प्रत्येक माहितीपत्रकात ‘३०:१’ छापलेलं असतं, पण तीसच का, हे क्वचितच सांगितलेलं असतं. ढिगातल्या सूक्ष्मजीवांच्या शरीरात नत्राच्या एका भागामागे कर्बाचे ढोबळमानाने दहा भाग असतात. पण शरीर बांधायला ऊर्जा लागते, आणि त्यासाठी आणखी वीसेक भाग कर्ब जाळावा लागतो. दहा अंगी लागले, वीस श्वासावाटे गेले, झाले तीस. कर्ब फार जास्त झाला, तर नत्राअभावी जिवाणूंची वाढ खुंटते आणि ढीग थंड पडून राहतो. नत्र जास्त झालं, तर ते अमोनिया होऊन उडतं आणि नाकाला झोंबतं.

करूया हिशोब? दहा किलो ओल्या कचऱ्यात आठ किलो पाणीच असतं. उरलेल्या दोन किलोंत कर्ब सुमारे ९०० ग्रॅम आणि नत्र ६० ग्रॅम धरू, म्हणजे गुणोत्तर १५. एक किलो वाळलेल्या पाल्यात कर्ब ४२० ग्रॅम, नत्र ७ ग्रॅम, गुणोत्तर ६०. पाला क्ष किलो मानून ३० चं समीकरण सोडवलं की क्ष येतो सुमारे ४.३. गंमत पुढे आहे. पाल्यात दहा टक्के पाणी धरलं, तर या मिश्रणात पाणी भरतं ५९ टक्के, आणि कंपोस्टला लागतं ५० ते ६० टक्के! एकाच पाल्याने दोन्ही प्रश्न सुटतात. बीजगणित कशासाठी शिकायचं, असं विचारणाऱ्या मुलांना हा ढीग दाखवावा.

आकाराचंही गणित आहे. ढिगाची प्रत्येक बाजू निम्मी केली की घनफळ आठव्या भागावर येतं, पण पृष्ठभाग चौथ्याच. म्हणजे दर लिटरमागे उष्णता निसटायला दुप्पट जागा. म्हणून छोट्या डब्यात खत होतं, पण ताप येत नाही.

तापमान ४०–४५ अंशांच्या पुढे गेलं की पहिल्या फळीचे जिवाणू मागे पडतात आणि उष्णताप्रिय जिवाणू ताबा घेतात. ५५ अंशांवर काही दिवस टिकलेल्या ढिगात बहुतेक रोगजंतू आणि तणांचं बी मरतं. ७० च्या आसपास मात्र हे जिवाणूही स्वतःच निर्माण केलेल्या उष्णतेत होरपळतात, त्यामुळे त्याआधी ढीग खालीवर करायला हवा. खालीवर केल्यावर ऑक्सिजन मिळतो आणि तापमान पुन्हा चढतं. रोजच्या नोंदींचा आलेख काढला तर हे चढउतार करवतीच्या दातांसारखे दिसतात. ऑक्सिजन संपला, तर त्याच्याशिवाय जगणारे जिवाणू काम हाती घेतात आणि मिथेन, हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. कुजकट वास येतो तो तेव्हा.

विकतच्या ‘कल्चर’ पावडरीवर क्लबने पैसे घालवू नयेत. लागणारे जिवाणू पाल्यावर आणि मातीत असतातच. फार तर जुन्या खताची ओंजळ टाकावी. पटत नसेल तर दोन सारखे ढीग करून एकातच पावडर घालावी आणि आलेख शेजारी शेजारी ठेवावेत. फळांच्या साली आणि गूळ बाटलीत आंबवून ‘ओझोन तयार होतो, पृथ्वी थंड होते’ असंही सांगितलं जातं. त्या बाटलीतून कार्बन डायऑक्साइड निघतो आणि आत मुख्यतः आंबट द्रव उरतो. ओझोनचा त्यात काही संबंध नाही.

मग आपल्या ढिगातूनही कार्बन डायऑक्साइड निघतोच की, असं एखादी मुलगी विचारेल. बरोबर आहे, खताचं वजन घटतं ते काही अंशी त्यामुळेच. पण हा कर्ब झाडांनी अलीकडेच हवेतून घेतलेला असतो. तोच कचरा कचराभूमीत दाबला गेला तर त्यातून मिथेन निघतो, आणि शंभर वर्षांच्या हिशोबात किलोमागे मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता अडवतो.

खालीवर करूनही ताप चढेना, की पहिला टप्पा संपला. पण लगेच पोती भरू नयेत. उरलेले चिवट धागे बुरशी आणि ॲक्टिनोमायसीट, म्हणजे बुरशीसारखे तंतू करणारे जिवाणू, सावकाश फोडतात. पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास मुख्यतः या ॲक्टिनोमायसीटमुळे येतो. कच्च्या खतातली आम्लं आणि अमोनिया कोवळ्या मुळांना बाधतात. म्हणून एका कुंडीत साधी माती, दुसरीत माती आणि हे खत घेऊन दोन्हींत मुळ्याचं बी मोजून पेरावं. खताच्या कुंडीत कमी उगवलं, तर ढीग आणखी काही आठवडे तसाच राहू द्यावा.