रक्तातलं कोलेस्टेरॉल वेगळं, कातडीतलं वेगळं

नागपुरात पोराच्या कोपराच्या खोबणीत इसब उठलं की "रक्त खराब झालं जी" म्हणणारं कोणीतरी भेटतंच. हल्ली तेच वाक्य शिकून-सवरून येतं: "कोलेस्टेरॉल वाढलं असेल." मग चार वर्षांच्या मुलाचं लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी, होतं आणि पानातलं तूप जातं.

रक्तातलं कोलेस्टेरॉल तुम्हाला ठाऊक आहे. मुलांमध्ये एकूण आकडा १७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या आत ठीक, २०० च्या वर जास्त. पुढे.

गल्लत होते ती कातडीतल्या कोलेस्टेरॉलपाशी. आपल्या कातडीच्या सर्वांत वरच्या थरात मेलेल्या पेशी विटांसारख्या रचलेल्या असतात आणि मधल्या फटींत स्निग्ध मसाला भरलेला असतो. वजनाने तो साधारण निम्मा सेरामाइड नावाच्या चरबीचा, पाव हिस्सा कोलेस्टेरॉलचा, उरलेला मुख्यतः मेदाम्लांचा. यातलं कोलेस्टेरॉल बाह्यत्वचेच्या पेशी बहुतांशी स्वतःच बनवतात, आणि त्या थरात रक्तवाहिन्या मुळी नसतातच. त्यामुळे रक्तातला आकडा कमी केला म्हणून कातडी सुधारत नाही. उलट इसबात हा मसालाच कमी पडतो किंवा त्याचं प्रमाण बिघडतं. ओल बाहेर जाते, जंतू नि धूळ आत शिरतात, खाज सुटते. म्हणजे ज्या पदार्थाच्या नावाने घर घाबरतं, तो इथे हवाच असतो! इसबाच्या काही मलमांत कोलेस्टेरॉल मुद्दाम घातलेलं असतं ते यासाठीच. विटाही कच्च्या असू शकतात: फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकातल्या दोषाचा इसबाशी असलेला संबंध २००६ मध्ये समोर आला. त्यात आईने काय खाऊ घातलं याचा काही दोष नाही.

"अंडं बंद केलं आणि फरक पडला" असंही ऐकू येतं. पडू शकतो. इसब असलेल्या काही तान्ह्या मुलांना अंड्याची अ‍ॅलर्जी असते. पण ती प्रथिनांची, त्यातही मुख्यतः पांढऱ्या भागातल्या. कोलेस्टेरॉल सगळं पिवळ्या बलकात. श्रेय भलत्यालाच जातं. डॉक्टरांना न विचारता वाढत्या पोराचं अंडं, दूध, तूप एकदम तोडणं मला अजिबात पटत नाही.

रक्तातलं कोलेस्टेरॉल खरंच फार वाढलं, उदाहरणार्थ आनुवंशिक आजारात, तर कातडीवर दिसतं ते वेगळंच: कोपर, गुडघे, टाचेमागच्या जाड दोरीसारख्या शिरेवर पिवळसर गाठी. त्या सहसा खाजत नाहीत. इसब खाजतं, रात्री झोपू देत नाही.

काही अभ्यासांत इसबाच्या मुलांच्या रक्तातली चरबी थोडी वेगळी आढळली, काहींत नाही. लठ्ठपणा मध्ये आला की तो दोन्हींशी जोडलेला असतो. त्यावरून कोलेस्टेरॉलमुळे इसब होतं असं म्हणता येत नाही.

तपासणी कधी करावी? घरात कमी वयात हृदयविकार झालेला असेल, मूल लठ्ठ असेल किंवा त्याला मधुमेह असेल, तेव्हा. तीव्र इसबासाठी जॅक इन्हिबिटर गोळ्या किंवा सायक्लोस्पोरिन (दोन्ही प्रतिकारशक्तीला आवर घालणारी औषधं) सुरू करताना डॉक्टर लिपिड मागतात, कारण ही औषधंच ते वाढवू शकतात.

बाकी वेळी ते पैसे कातडीची ओल टिकवणाऱ्या साध्या मलमाला लावा. आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच, भरपूर. मोहरीचं तेल नको, ऑलिव्हचं तर मुळीच नको. साधी पेट्रोलियम जेली चालेल. नागपूरच्या कोरड्या हिवाळ्यात दिवसातून दोनदा तरी.