‘कुणाकडेही जातं’ ही रुळल्याची खूण नव्हे

दत्तक मूल घरी आलं की पहिल्याच आठवड्यात भेटायला येणारे हमखास म्हणतात, “किती गुणी आहे हो! रडत नाही, कुणाकडेही जातं.” आईबाबांनाही हायसं वाटतं. खरं तर वर्षा-दीड वर्षाचं मूल ज्या दिवशी पाहुण्यांच्या कडेवरून आईकडे झेपावतं, ती आत गेली की भोकाड पसरतं, त्या दिवसापासून ते रुळायला लागलेलं असतं.

रडणं ही बाळाची हाक असते. दत्तक जाण्याआधी मूल जिथे वाढतं, त्या संस्थेत एकेका सेविकेकडे बरीच बाळं असतात, शिवाय पाळी बदलली की माणूसही बदलतं. वारंवार हाक मारूनही कुणी ओ देत नसेल, तर बाळ हाक मारणंच सोडतं. किंवा मग समोर येईल त्याला बिलगतं.

हे सर्वांत स्पष्ट दिसलं ते रुमानियात. १९६६ साली तिथला हुकूमशहा चाउशेस्कू याच्या राजवटीने गर्भपातावर बंदी आणली, गरीब घरांतली मुलं सरकारी संस्थांमध्ये येत राहिली आणि १९८९मध्ये राजवट कोसळली तेव्हा लाखाहून अधिक मुलं तिथे होती. पुढे चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना या शास्त्रज्ञांनी बुखारेस्टमधल्या संस्थांतली ६ ते ३१ महिन्यांची १३६ मुलं अभ्यासासाठी निवडली. शहरात प्रतिपालक, म्हणजे मूल दत्तक न घेता आपल्या घरी सांभाळणारी कुटुंबं जवळपास नव्हतीच; ती त्यांनी उभी केली आणि चिठ्ठ्या टाकून निम्मी मुलं तिथे पाठवली.

मुलं साडेचार वर्षांची झाल्यावर एक साधी चाचणी झाली. दार वाजतं. दारात अनोळखी बाई. ती मुलाला म्हणते, “चल, तुला एक गंमत दाखवते.” आपल्या घरात वाढलेली मुलं बहुतेक करून आईकडे बघतात, तिथेच थांबतात. संस्थेतली बरीच मुलं मात्र मागे वळूनही न बघता तिच्याबरोबर चालू लागली. कुटुंबात गेलेल्यांमध्ये हे प्रमाण कमी होतं. दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्या मुलांचं पालकांशी नातं अधिक घट्ट जुळलं, आणि ताण आल्यावर शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक जसं वाढायला हवं तसं त्यांच्यात पुढे मोठं झाल्यावरही वाढलेलं दिसलं.

‘दोन वर्षं’ हा आकडा सांगून पालकांना घाबरवणं मला अजिबात पटत नाही. ती काही कुलूप लागण्याची तारीख नव्हे. मोठ्या वयात आलेलं मूलही जीव लावतं, फक्त त्याला पुरावा जास्त लागतो. अशा मुलाच्या उशीखाली कधी पोळीचा तुकडा सापडतो, कधी दप्तरात चुरा झालेली बिस्किटं. त्यावर रागावू नये. पुढचं जेवण येईल यावर त्याच्या मेंदूचा अजून विश्वास बसलेला नसतो. त्याच्या हाताला येईल असा खाऊचा डबा ठेवा आणि तो कधीही रिकामा होऊ देऊ नका. रात्री दचकून उठलं तर रोज तेच माणूस जवळ जायला हवं. त्या वेळी कोणते शब्द बोलता, यापेक्षा दर वेळी जाता, हे मुलाचं शरीर टिपत असतं.

भारतात ‘कारा’च्या, म्हणजे दत्तकविषयक केंद्रीय प्राधिकरणाच्या नियमांनुसार दत्तक दिल्यानंतर दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी मुलाचा अहवाल द्यावा लागतो. अनेक पालकांना ती तपासणी वाटते आणि ते “सगळं छान आहे” म्हणून मोकळे होतात. माझी कळकळीची विनंती आहे, अहवालासाठी येणाऱ्या समाजसेविकेला उशीखालची पोळीसुद्धा सांगा. तिने अशी मुलं पाहिलेली असतात.

अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ मेगन गनर यांच्या गटाने २०१९ साली आणखी एक गोष्ट दाखवली. संस्थेतून दत्तक गेलेल्या मुलांमध्ये ताणाला मिळणारा कॉर्टिसॉलचा प्रतिसाद बोथट असतो; पण वयात येताना, घर आधार देणारं असेल तर, तो इतर मुलांसारखा होऊ लागतो. म्हणजे थोडं उशिरा घरी आलेल्या मुलालाही, आईबाबांच्या त्याच रोजच्या जवळ जाण्यातून, बारा-तेराव्या वर्षी आणखी एक संधी मिळते.