नव्या पानभुंगेऱ्याचं जुनं गणगोत

वाळवंटात पानभुंगेऱ्याची नवी जात सापडली, अशी बातमी अधूनमधून येते. चार ओळींची असते. फोटोत तांदळाच्या दाण्याएवढा किडा आणि खाली जीभ अडखळेल असं लॅटिन नाव. वाचणाऱ्याला वाटतं, कुणी वाळूत फिरत होतं, किडा दिसला, बारसं उरकलं. पण त्या किड्याला 'नवा' म्हणण्याआधी जुनी दप्तरं सगळी उपसावी लागतात, आणि ती अडीचशे वर्षांची आहेत.

पानभुंगेरे तसे आपल्या ओळखीचे. बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात दुधीचा वेल होता. रोप चार पानांवर आलं की तांबूस-नारिंगी भुंगेरे हजर, आणि दोन दिवसांत पानांची चाळणी. आजी सकाळी दंव असतानाच पानांवर चुलीतली राख भुरभुरायची. ऊन चढल्यावर कोरड्या पानावर राख ठरत नाही, असं तिचं म्हणणं. तो तांबडा भुंगेरा याच कुळातला. गाजरगवतावर सोडलेले मेक्सिकन भुंगेरेही याच कुळातले. १९८३ मध्ये ते मेक्सिकोहून बंगळूरला आणले आणि पुढच्या वर्षी सोडले. कुळाचा पसारा मोठा, नोंदलेल्या जातीच ३५,००० च्या वर. आणि खाण्याच्या बाबतीत बहुतेक सगळे हट्टी: ठरलेलं एक झाड, नाहीतर त्याच्याच भावकीतलं दुसरं.

प्राण्यांच्या नावांचा हिशेब स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसच्या १७५८ च्या ग्रंथापासून धरतात. त्याचा डॅनिश शिष्य फाब्रिसियस कीटकांच्या मागे लागला. तमिळ किनाऱ्यावरच्या तरंगमबाडीत तेव्हा डॅनिश वसाहत होती, तिथले किडे त्याच्याकडे जात आणि लॅटिन नाव घेऊन छापले जात. पानभुंगेऱ्यांचं स्वतंत्र कूळ फ्रेंच कीटकतज्ज्ञ लात्रेयनं १८०२ मध्ये मांडलं. त्या काळचं 'वर्णन' म्हणजे दोन-तीन ओळी: रंग अमुक, पाठीवर ठिपके तमुक. साहजिकच एकाच किड्याला चार देशांत चार नावं पडली. मग १८४२ मध्ये इंग्लंडात नावांचे नियम झाले (त्या समितीत डार्विनही होता): आधी दिलेलं नाव खरं, बाकीची रद्द. बडोदेकरांना हा खटाटोप परका वाटू नये. सयाजीराव महाराजांनी राज्यकारभाराच्या शब्दांचा आठ भाषांतला कोश १९३१ मध्ये काढला, तो याच कटकटीपायी. एका गोष्टीला प्रत्येक कचेरीत वेगळा शब्द असला की दप्तराचं मातेरं होतं.

भारतातल्या पानभुंगेऱ्यांचा पहिला मोठा ग्रंथ लिहिला मार्टिन जेकोबीनं. हा पोटापाण्यानं व्हायोलिनवादक! मँचेस्टर-लंडनच्या वाद्यवृंदांत वाजवायचं, शिकवण्या घ्यायच्या आणि उरलेल्या वेळात टाचणीला टोचलेले किडे भिंगाखाली धरायचे. १९०७ मध्ये तो वारला, ग्रंथ १९०८ मध्ये निघाला. पुढचे तीन खंड समरेंद्र मौलिक यांनी लिहिले, १९१९, १९२६ आणि १९३६ मध्ये, तेही लंडनच्या संग्रहालयात बसून. काम थोर, वादच नाही. पण जेकोबीच्या हाती जे आलं ते मेलेलं आणि वाळलेलं. किडा कोणत्या झाडावर होता हे चिठ्ठीवर क्वचितच असे. शिवाय गोळा करणाऱ्यांचे पाय निलगिरी, आसाम, ब्रह्मदेश अशा हिरव्या मुलखाकडे वळत. कच्छ-थरकडे कोण फिरकणार? तिथे पाऊस पडून झुडपांना पालवी फुटली की चार आठवडे हे किडे दिसतात, एरवी मातीत दडून असतात.

पकडायची रीत मात्र अजून तीच आहे. झुडपाखाली छत्री उलटी उघडून धरायची आणि फांदीवर काठीनं हलकेच झोडपायचं. छत्रीत आधी काटक्या, मुंग्या, कोळी पडतात. भुंगेरा पाय पोटाशी घेऊन मेल्याचं सोंग करतो, तेव्हा तो बी की किडा हे कळायला मिनिटभर श्वास रोखून बसावं लागतं.

नुसत्या रूपावर विसंबलं तर काय होतं, हे झाऊच्या, म्हणजे टॅमरिस्क नावाच्या झुडपाच्या, भुंगेऱ्यानं दाखवलं. हा खरा वाळवंटी. मध्य आशियापासून भूमध्य समुद्रापर्यंत, खारवट नदीकाठच्या झाऊंवर जगणारा. अमेरिकेत शोभेसाठी नेलेल्या झाऊनं नद्यांचे काठ व्यापले, तेव्हा त्याला खायला २००१ मध्ये चीन आणि कझाकस्तानातले भुंगेरे मोकळे सोडले. उत्तरेत त्यांनी झाडं बोडकी केली. दक्षिणेत, पानं हिरवीगार असतानाच, ऐन जुलैत झोपी गेले. तिथला उन्हाळी दिवस लहान, म्हणून त्यांच्या हिशेबी हिवाळा आला. मग ग्रीसच्या क्रीट बेटासारख्या ठिकाणचे आणावे लागले. एकच जात समजलेला तो किडा म्हणजे पाच जाती आहेत, हे ट्रेसी आणि रॉबिन्स या संशोधकांनी २००९ मध्ये नराच्या जननेंद्रियातल्या कठीण तुकड्यांवरून दाखवलं. गंमत म्हणजे नवं नाव एकही लागलं नाही. पाचही नावं १८३२ ते १९७३ दरम्यान कुणी ना कुणी देऊन ठेवलेली होती. त्यातलं एक १८४९ चं, फ्रेंच कीटकतज्ज्ञ ल्यूकासनं दिलेलं. आमच्या दुधीवरच्या तांबड्याचं बारसंही त्यानंच, त्याच साली केलं होतं.

विद्यापीठातल्या तज्ज्ञांआधी हे किडे झाडावरून ओळखणारी माणसं वाळवंटातच होती. आफ्रिकेतल्या कलहारी वाळवंटातले सान जमातीचे शिकारी ठरावीक झुडपाखालची माती खणून पानभुंगेऱ्यांच्या अळ्या काढतात आणि त्यांचा रस बाणाला लावतात; टोकाला नाही, टोकामागच्या दांडीला, म्हणजे स्वतःला ओरखडा गेला तरी जीव जात नाही. ते झुडूप आपल्या कच्छी गुग्गुळाच्या भावकीतलं.

आता नव्या जातीचं वर्णन पाच-दहा पानांचं होतं. नराचं पोट क्षारात मऊ करून इंद्रिय काढायचं, जुने मूळ नमुने पाहायचे (आपल्याकडचे बरेचसे लंडनला), एक नमुना 'मूळ' म्हणून ठरवायचा आणि २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे तो नेमलेल्या संस्थेत जमा करायचा. शेवटी टाचणीखाली चिठ्ठी. नखाएवढ्या कागदावर गाव, अक्षांश-रेखांश, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव, आणि आता न चुकता तळाची ओळ: कोणत्या झाडावर.