ग्रीनलंड आणि फेरो: एकाला पैसा अडवतो, दुसऱ्याला कायदा

ग्रीनलंडची बातमी आली की उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांचं नावही ओघानं येतं आणि दोन्हींची गल्लत होते. होणारच. दोन्ही डेन्मार्कच्या राजाच्या अमलाखाली, दोन्हींची वस्ती पन्नास-साठ हजारांची, म्हणजे आपल्याकडच्या तालुक्याच्या गावाएवढी. दोन्ही युरोपीय संघाबाहेर, मासळीवर जगणारी. स्वातंत्र्य मागणारे पक्षही दोन्हीकडे आहेत. अडचणी मात्र वेगळ्या.

ग्रीनलंडची अडचण पैशाची. डेन्मार्क दरवर्षी साधारण ४ अब्ज क्रोन अनुदान देतो आणि तिथल्या सरकारचा जवळपास निम्मा खर्च त्यावर भागतो. एवढ्या अवाढव्य बेटावर एका गावाहून दुसऱ्या गावाला रस्ता नाही. बोटीनं जा, नाहीतर विमानानं. मग वीज, शाळा, दवाखाना वस्तीवस्तीत वेगळे उभारावे लागतात. खनिजं आहेत ना, असं लगेच म्हटलं जातं. पण २००९च्या स्वशासन कायद्यानुसार खनिजांचं सरकारी उत्पन्न साडेसात कोटी क्रोनच्या वर गेलं की वरच्या रकमेच्या निम्म्याइतकं अनुदान कापलं जातं. शिवाय २०२१मध्ये तिथल्या संसदेनं युरेनियमच्या खाणकामावर बंदी घातली आणि क्वानेफ्येल्डचा दुर्मिळ खनिजांचा प्रकल्प अडला, कारण तिथल्या खनिजात युरेनियमही आहे. जवळच नार्साक गाव आहे, मेंढ्यांची कुरणं आहेत. पैशाची एवढी निकड असताना घेतलेला हा निर्णय मला मोठा वाटतो.

फेरोला मिळणारं अनुदान आता अर्थव्यवस्थेच्या दोन-तीन टक्क्यांएवढंच उरलं आहे. सामन मासा निर्यात होतो, बेटं समुद्राखालच्या बोगद्यांनी जोडली आहेत. हे सहज झालेलं नाही. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या बँका बुडाल्या आणि दर दहांतला जवळपास एक माणूस बेटं सोडून गेला. तेव्हा डेन्मार्कच्या कर्जावर दिवस काढावे लागले. २०००मध्ये स्वातंत्र्याची बोलणी झाली, तेव्हा डेन्मार्कनं चार वर्षांत अनुदान थांबवू असं सांगितलं. स्वातंत्र्यावर ठरलेलं सार्वमत रद्द करावं लागलं. त्यानंतर लवकरच फेरोनं अनुदानात मोठी कपात मान्य केली.

कायद्याच्या बाबतीत मात्र उलट आहे. २००९चा कायदा ग्रीनलंडच्या जनतेचा स्वयंनिर्णयाचा हक्क मान्य करतो: निर्णय तिथल्या लोकांचा, पुढे वाटाघाटी आणि डॅनिश संसदेची संमती. फेरोच्या १९४८च्या स्वशासन कायद्यात असं कलमच नाही. तो कायदा आला तोही एका हुकलेल्या संधीनंतर. सप्टेंबर १९४६च्या सार्वमतात स्वातंत्र्याच्या बाजूनं अवघी १६१ मतं जास्त पडली. राजानं फेरोची संसद बरखास्त केली आणि नव्या निवडणुकीत डेन्मार्कसोबत राहू इच्छिणारे जिंकले.

परराष्ट्र धोरण दोन्हीकडे मुख्यतः कोपनहेगनच्या हाती आहे. मासळी विकणाऱ्या देशाला ते किती जाचतं, ते २०१३मध्ये दिसलं. हेरिंग माशाच्या वाट्यावरून युरोपीय संघानं फेरोच्या हेरिंगवर बंदी घातली. डेन्मार्क संघाचा सदस्य, त्यामुळे ही बंदी त्यालाही पाळावी लागली. जागतिक व्यापार संघटनेत फेरोला स्वतंत्र सदस्यत्व नव्हतं, म्हणून फेरोच्या वतीनं युरोपीय संघाविरुद्ध तक्रार केली तीही डेन्मार्कनंच.